भाईदास नानांचं जड स्टेअरिंग

मला गाडी भाईदास नानांनी शिकवली, असं मी कुणाला सांगू लागले की आमच्या घरातली माणसं तोंडाला पदर लावतात. पदर नसेल तो रुमाल लावतो. हसू द्या. गाडी मला येते, त्यांना येत नाही.

नाना मूळचे अमळनेरचे. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवण्यात घातला. कापसाच्या गाठी, सरकीची पोती, तेलाचे डबे, व्यापारी देईल तो माल भरायचा आणि सांगेल त्या गावाला नेऊन टाकायचा. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ट्रक सोडला आणि जळगावला पिंप्राळ्यात, आमच्या शेजारी, लेकीकडे येऊन राहिले. पण ट्रक सुटला तरी हात काही सुटले नव्हते. काय ते हात! चहाचा कप त्यांच्या पंजात गेला की दिसायचाच नाही, नाना नुसतीच मूठ तोंडाला लावून फुरफुरतायत असं वाटायचं. आमच्या घरातली लोणच्याची बरणी एकदा कुणालाच उघडेना. नानांनी ती उघडली, पण झाकणाचा आकार त्यानंतर पुन्हा बरणीला जमला नाही.

आता मला गाडी कशाला हवी होती ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला मिरवायची हौस होती. ती होतीच, पण तेवढंच नव्हतं. मी जामनेरला हायस्कुलात भूगोल शिकवायचे. सकाळी पोरगी उठायच्या आत घर सोडायचं, आणि शाळा सुटून, एसटी पकडून घरी पोचायचं तोवर ती झोपलेली. माझे यजमान रुपचंद नोकरीनिमित्त नंदुरबारला, शनिवारचे पाहुणे. पोरगी माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे लिलाबाईंच्या अंगाखांद्यावर वाढत होती, आणि एके दिवशी ती त्यांनाच आई म्हणून हाक मारायला लागली. मला म्हणायची "मॅडम". शेजारपाजारचे म्हणतात ते ऐकून उचललेलं तिनं. लोक हसले, मीही हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "तुनी नोकरी सोडाडानी माले हौस नही. पन मना गुडघा आते ऐकतस नही, नी पोरगी पयस पयस." खरं होतं. पोरगी दाराबाहेर पळाली की सासूबाई ओट्यावरून नुसत्या ओरडायच्या. शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत माझ्या हातात गाडी आली, लायसन मिळालं, तर मी गाडीनं ये-जा करायची आणि उजेडात घरी यायचं. नाहीतर राजीनामा. रुपचंद म्हणाले, बघ बुवा तुझं तू. म्हणजे त्यांनी निर्णय घेतला नाही, पण घेतल्यासारखा चेहरा केला.

गाडी आली ती एका डॉक्टरांची वापरलेली. छोटीशी, पांढरी, नव्या पद्धतीची. गोष्ट सन नव्व्याण्णवची. पॉवर स्टेअरिंग हा शब्द आमच्या गल्लीत तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. डॉक्टर म्हणाले होते, "ताई, एका बोटानं वळते हो." मी तोवर कुठल्याच स्टेअरिंगला हात लावला नव्हता, तेव्हा एका बोटानं वळते म्हणजे काय हे मला काय कळणार? मला वाटलं, विकणारा माणूस बोलतोच असं. डॉक्टरांच्या दारातून गाडी नानांनी आणली. घरासमोर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता, कपाळावर घाम.

"काय झालं नाना?"

"हाई स्टेअरिंग शे का ताकनी रवी?" नाना म्हणाले आणि पाण्याचा तांब्या मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी धुऊन आणतो म्हणून नेली, आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली.

नानांच्या शिकवणीचा पहिला नियम थापेचा होता. ट्रक उभा असताना क्लीनर बाहेरून पत्र्यावर एक थाप मारतो तेव्हा थांबायचं, दोन मारतो तेव्हा निघायचं. थापा ऐकल्याशिवाय नानांचा पाय क्लचवरून उठायचाच नाही. जन्माची सवय. मग काय, मी उजवा हात खिडकीतून बाहेर काढून स्वतःच्याच गाडीच्या दाराला दोन थापा मारायच्या आणि गाडी काढायची. "थाप मारा ताई. थापशिवाय गाडी निंघस नही." मेहरूण तलावाच्या रस्त्यावर संध्याकाळी फिरायला येणारी माणसं थांबून बघायची. एका आजोबांना वाटलं दार अडकलंय, ते धावत मदतीला आले.

क्लच जमला, गिअर जमले, ब्रेक तर पहिल्या दिवसापासून फारच जमला. अडलं ते वळणावर. स्टेअरिंग म्हणजे अक्षरशः जात्याचा खुंटा. गाडी जोरात असली की थोडंफार फिरायचं, पण हळू झाली, वळायची वेळ आली की जागचं हलेना. मी दात-ओठ खाऊन ओढायचे, सीटवरून अर्धी उठायचे, गाडी तोवर समोरच्या कुंपणापर्यंत पोचलेली असायची. नद्यांना वळणं का पडतात हे मी पोरांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचे, आणि मला स्वतःला एक वळण घेता येत नव्हतं.

"नाना, फारच जड आहे हो हे. डॉक्टर म्हणाले होते एका बोटानं..."

"डॉक्टरना हात ऑपरेशनमा मजबूत जयेल व्हई." नाना माझ्याकडे न बघता म्हणायचे. "गाडीले काय बी जयं नही. हातमा ताकद जोयजे. आनि जड शे तेच बरं शे, ताई. जड गाडी सांगीसन वळस."

मग ते स्वतः बसायचे आणि तेच स्टेअरिंग दोन्ही हातांनी झटक्यात फिरवून दाखवायचे. त्यांच्या हातांना ते जड वाटत नव्हतंच. जन्मभर ट्रक वळवलेल्या माणसापुढे या छोट्या गाडीची काय पत्रास? त्यामुळे माझा समज पक्का झाला की दोष गाडीत नाही, दंडात आहे.

दंडाची सोय घरात झाली. नानांनी सासूबाईंना सांगितलं की ताईच्या हाताला काम द्या. सासूबाईंना तर एवढी चांगली बातमी वर्षभरात मिळाली नव्हती. कळण्याच्या भाकरीचं पीठ मी मळायचं, ठेचा मी वाटायचा, भरताची वांगी भाजली की लाकडी मुसळीनं मीच ठेचायची. एका रविवारी त्यांनी शेजारच्यांच्या भरताची वांगीही माझ्यापुढे आणून ठेवली. "ताकद येस," म्हणाल्या. ताकद आली की नाही माहीत नाही, पण त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत भरीत फार मऊ झालं.

आरटीओच्या मैदानावर परीक्षेला गेले तेव्हा दसरा जवळ आला होता. साहेबांनी चुन्यानं आठचा आकडा आखून ठेवला होता, त्यावरून गाडी न्यायची. एजंट म्हणाला होता की मॅडम, कशाला त्रास घेता, मी बघतो. मी त्याला शिक्षकी नजरेनं पाहिलं. तो गप्प बसला, आणि त्याचंच बरोबर होतं हे पुढं कळलं. आठाचा वरचा गोल मी कसाबसा ओढला. खालच्या गोलात स्टेअरिंग अडलं, मी जोर लावला, पाय क्लचवरून निसटला, गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली. माझ्या मागं रांगेत एक कॉलेजातला पोरगा होता. तो म्हणाला, "काकू, ढकलू का?"

साहेब सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी." पण पुढच्या वेळी म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, आणि शिकाऊ लायसनची मुदतही तेव्हाच संपत होती. तिथून गाडी नानांनीच घरी आणली. घरी पोरगी सासूबाईंच्या पदरात तोंड घालून बसली होती. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं तडकलं. गाडीतच काहीतरी आहे, असं म्हणून मी गाडी अजिंठा चौकाकडच्या वना मिस्त्रीकडे नेली. म्हणजे नानांनी नेली, मी शेजारी बसले. वना मिस्त्री दिलदार माणूस, पण पॉवर स्टेअरिंगची गाडी त्याच्याकडे पहिलीच. तो आधी चाकांकडे गेला. हवा बघितली, बरोबर. पुढचे टायर हातानं चाचपले, बरोबर. मग गाडीखाली झोपून सांधे हलवले, ग्रीस भरलं. मग बॉनेट उघडून एका छोट्या डबीचं झाकण काढलं, आत लालसर तेल भरलेलं होतं, बोट बुडवून वास घेतला. "तेल शे," म्हणाला. मला फार बरं वाटलं. निदान काहीतरी होतं.

"मिस्त्री, ही चकरी नुसतीच का आहे?" मी विचारलं. इंजिनच्या बाजूला एक चकरी होती, बाकी सगळं धडधडत असताना ती मेली गप्प उभी. भूगोलाच्या बाईला एवढं तरी दिसतं.

वनानं वाकून बघितलं. डोकं खाजवलं. "ती एसीची असेल, मॅडम. तुमच्या गाडीत एसी आहे का?"

"नाही."

"मग झालं. एसी नाही म्हणून पट्टा नाही." वना निर्धास्त झाला. मीही झाले. नाना मात्र तेव्हा गॅरेजच्या दारात जाऊन रस्त्यावरून जाणारी उसाची बैलगाडी मन लावून बघत होते.

मग वना म्हणाला, "नाना, एक चक्कर मारून बघा बरं, काय फरक पडला का." झालं! ज्या हाताला काहीच जड लागत नाही, त्याच हाताला विचारायचं की जड आहे का. नाना चक्कर मारून आले. "गाडी बेस शे," म्हणाले. वना मिस्त्रीचं समाधान झालं. मला सांगितलं की सवय होईल. मला सवय झाली ती वांगी ठेचायची.

मग धुळ्याचं लग्न आलं. माझ्या यजमानांच्या चुलतभावाच्या, जीवरामभाऊंच्या मेहुणीचं. आमच्यात लग्न वेळेवर लागतं. त्रिशरण पंचशील झालं, वधूवरांनी हार घातले, की माणसं पंगतीकडे सरकतात. धुळ्यापर्यंत गाडी नानांनी चालवली, मी, सासूबाई आणि पोरगी मागे. मंगल कार्यालयाच्या मागच्या मैदानात गाडी लावायला गेलो, तर तिथं हुबेहूब तसलीच गाडी उभी. तोच पांढरा रंग, तोच चेहरा. जीवरामभाऊंची. त्यांनी आदल्याच महिन्यात घेतलेली.

पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी होती. वांगी बघून माझ्या दंडात कळ आली. मी हात धुऊन सरळ मैदानात गेले आणि जीवरामभाऊंना म्हटलं, "भाऊ, तुमची गाडी जरा बघू का चालवून? इथंच, मैदानात."

"बघा ना वहिनी." त्यांनी किल्ली दिली.

मी बसले. गाडी सुरू केली, सवयीनं दाराला दोन थापा मारल्या, जीवरामभाऊ दचकले. आणि मग मी माझ्या रोजच्या तयारीनं, दात-ओठ खाऊन, अंगातलं सगळं बळ एकवटून स्टेअरिंग उजवीकडे ओढलं.

गाडी गरकन फिरली. मंडपाचा एक बांबू, आचाऱ्याचं पाण्याचं पिंप आणि एक काका एवढे सगळे मला एकदम समोर दिसले. मी ब्रेक दाबला. ब्रेक मला छान जमतो हे आधी सांगितलंच आहे. काका जाग्यावरून उडी मारून मंडपात गेले. मी स्टेअरिंगला एक बोट लावलं. फिरलं. दुसऱ्या बाजूला लावलं. फिरलं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते! मी त्या गाडीत बसून ढसाढसा रडायला लागले आणि मध्येच हसायला लागले, आणि जीवरामभाऊंना कळेना की वहिनींना डॉक्टरकडे न्यावं की काय.

"दोन्ही गाड्या शेजारी लावा," मी उतरून म्हटलं. "दोघींची बॉनेटं उघडा."

वर्गात मी पोरांना दोन नकाशे शेजारी ठेवून फरक ओळखायला लावते, तसंच. आता लग्नातल्या माणसांना याहून चांगला विषय कुठला मिळणार? पंधरावीस जण बट्टीचे हात पुसत जमले. कुणी म्हणालं बॅटरी वेगळी, कुणी म्हणालं कंपनी वेगळी. मी बोट ठेवलं. जीवरामभाऊंच्या गाडीला दोन पट्टे होते. माझ्या गाडीला एक. जी चकरी माझ्या गाडीत मेल्यासारखी उभी होती, तिच्यावर त्यांच्या गाडीत काळा पट्टा चढलेला होता, आणि गाडी सुरू केल्यावर ती फिरत होती. एसी त्यांच्याही गाडीत नव्हता. म्हणजे ही चकरी स्टेअरिंगचीच. डबीत तेल काठोकाठ, पण त्याला दाबून पुढं ढकलणारा पंप फिरवायला पट्टाच नाही. पंप झोपलेला, आणि मी बिचारी त्याच्या वाटचं काम दंडानं करतेय.

"पट्टा तुटून पडला असेल कुठंतरी," जीवरामभाऊ म्हणाले.

सगळे त्यावर बोलू लागले. तेवढ्यात मला जाणवलं की नाना गर्दीत नाहीत. ते मंडपाच्या मागं, भांडी घासायच्या जागेजवळ, उलट्या ठेवलेल्या एका पातेल्यावर बसले होते. मी तिथं गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"पट्टा तुटा नही, ताई," ते म्हणाले. "पट्टा मीच काढा. चोरा नही. स्टेपनीखाले ठेयेल शे."

मला फार काही बोलावंसं वाटलं, आणि मी बोलले. माझी परीक्षा, माझी पोरगी, माझे दंड, ती वांगी, सगळं काढलं. आवाज चढला. भांडी घासणारी बाई राख हातात घेऊन थांबली. मला इतका राग आला होता की मी नानांना एकेरी बोलले असते, पण तोंडातून नानाच निघालं.

ते सगळं ऐकून घेतल्यावर नाना हळूच म्हणाले, "ताई, कन्नडना घाट तुमले माहीत शे ना?"

माहीत होता. चाळीसगावच्या पुढचा. मी शिकवते तो.

बऱ्याच वर्षांपूर्वी नाना सरकीचा ट्रक घेऊन तो घाट चढत होते. सोबत क्लीनर झुलाल, नानांच्या बायकोचा सख्खा भाऊ. माल घाईत भरला होता, पोती सगळी मागच्या बाजूला रचलेली. मागं वजन जास्त झालं की ट्रकचं तोंड उचललं जातं, पुढची चाकं रस्त्याला नीट टेकत नाहीत, आणि स्टेअरिंग हलकं लागतं.

"त्या दिन गाडी भलती हलकी चालनी," नाना म्हणाले. "मी झुलालले सांगं, दख, आज गाडी कशी लोणीनी मायक चाली ऱ्हायनी. तो हसना. माले बरं वाटनं, ताई. जनमभर हात तोडीसन स्टेअरिंग वढेल व्हतं, त्या दिन पहिल्यांदाव माले बरं वाटनं व्हतं." त्यांनी हाताचे ते दोन पंजे गुडघ्यांवर उपडे ठेवले. "मंग वळण उनं. नी गाडी वळनीच नही."

ट्रक कठड्याला घासत थांबला. नानांना खरचटलं. झुलाल कठड्याच्या बाजूच्या दाराशी बसला होता. त्याच रात्री चाळीसगावच्या दवाखान्यात तो वारला.

"चूक मनी शे असं कोनी म्हनं नही. मना सासरा बी म्हना नही. पन माले बरं वाटनं व्हतं ना. आते स्टेअरिंग हलकं लागनं की माले तेच वळण दिसस. डॉक्टरना दारथीन तुमनी गाडी आनी तवय माले रस्ताच दिसे ना. मनमा म्हनं, ही पोर घरमा लहान लेकरू ठेईसन रोज जामनेरना रस्ताले जाई, नी गाडी अशी? म्हनीसन पट्टा काढा. मंग तुमना हाल दखीसन सांगू सांगू करं, पन तोंड व्हयनं नही."

म्हणजे हे सगळं त्यांनी मला जपायला केलं होतं. माझा राग कुठं गेला ते मला आजही सांगता येत नाही. मी त्या उलट्या पातेल्याच्या काठावर त्यांच्या शेजारी टेकले. भांडीवाली बाई पुन्हा भांडी घासायला लागली.

पट्टा स्टेपनीखाली होता. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून, वाण्याच्या पुडीसारखा. जीवरामभाऊंनी पान्हे दिले. मी म्हटलं, "नाना, काढला तुम्ही, चढवाही तुम्हीच." त्यांनी पंपाचा बोल्ट सैल केला, पट्टा चकरीवर चढवला, एका दांडक्यानं पंप मागं रेटून धरला आणि बोल्ट आवळला. अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला. नीट ताणला होता.

परत येताना गाडी मी चालवली. नाना शेजारी. पारोळ्यापर्यंत माझ्या कमावलेल्या दंडांनी फार घोळ घातला. जरा वळवायला जावं तर गाडी रस्त्याच्या कडेला जायची. एका रसवंतीवाल्यानं आम्हाला गिऱ्हाईक समजून ग्लास धुवायला घेतला. सासूबाई मागून ओरडत होत्या, "आते काबरं इतकी ताकद लावस!" एरंडोलच्या पुढं माझे हात शहाणे झाले. नानांचे मात्र दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवलेले होते, ते जळगाव येईपर्यंत निघाले नाहीत.

दिवाळीच्या आधी मी आठाचा आकडा असा काढला की साहेबांनी पुन्हा काढायला लावला, त्यांना बघायचा होता म्हणून. राजीनामा मनातल्या मनातच राहिला. शाळा सुटल्यावर मी उजेडात घरी पोचायला लागले. पोरगी आता सासूबाईंना "मोठी आई" म्हणते आणि मला नुसती "आई". ती नुसती "आई" माझ्या कानाला फार गोड लागते.

लायसन आल्यावर नानांचं काम संपलं. सासूबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं, पुरणाचे मांडे केले. जेवण झाल्यावर नाना ओट्यावर बसले, बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले आणि म्हणाले, "ताई, एक काम शे. माले एकदाव कन्नडना घाटमा लई चला. ते जयं तवयपासून मी त्या रस्ताले ग्यू नही. लांबना फेरा मारी जाऊ, पन तठून नही."

एका रविवारी निघालो, मी आणि नाना दोघंच. चाळीसगाव मागं पडलं, चढ सुरू झाला. नानांनी डोळे मिटले नाहीत, मला वाटलं होतं मिटतील. प्रत्येक वळणाला ते माझ्या हातांकडे बघत होते. एके ठिकाणी म्हणाले, "थांबा." उतरले. कठड्याशी जाऊन उभे राहिले. तिथं काहीच नव्हतं, दगड आणि वाळकं गवत. खिशातून त्यांनी बिडीचं बंडल काढलं, एक बिडी पेटवून कठड्यावर ठेवली आणि ती विझेपर्यंत तिच्याजवळ थांबले. नाना स्वतः बिडी ओढत नसत.

परत आले ते माझ्या बाजूच्या दाराशी. "उतरा, ताई," म्हणाले. "आते मी चालाडस."

मी पलीकडे जाऊन बसले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. पहिलंच वळण त्यांनी ट्रकच्या बळानं ओढलं आणि गाडी डोंगराच्या बाजूला इतकी गेली की माझ्या खिडकीला गवत लागलं. मी किंचाळले. नानांनी गाडी सावरली, थांबवली, दोन-तीन खोल श्वास घेतले. पुन्हा निघाले. पुढच्या वळणाला त्यांनी एक हात मांडीवर घेतला. त्याच्या पुढच्या वळणाला उरलेल्या हाताचीही मूठ सुटली आणि नुसती बोटं राहिली. गाडी आपसूक वळत होती.

"ताई," नाना समोर बघत म्हणाले, "माले बरं वाटस."

आणि ते खांदे जरा आखडून बसले, आता काहीतरी होणार म्हणून वाट बघत असल्यासारखे. मीही वाट बघितली. काहीच झालं नाही. ते वळण मागं गेलं, आणि पुढचं आलं.